बालीला सहा महिने जायचंय, पण ऑफिसला सांगायचं नाहीये

पत्र थोडक्यात असं: नागपूरची ३१ वर्षांची एक वाचक, आयटीत आहे. कंपनी पुण्याची, टीम सगळी घरूनच काम करते, क्लायंट अमेरिकेतला म्हणून शिफ्ट दुपारी २ ते रात्री ११. पॅकेज १९ लाख, बँकेत साडेचार लाख. मनीषनगरला आईवडिलांसोबत राहते, वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, भाऊ हैदराबादला. "तीच खोली, तोच कूलर, तोच लॅपटॉप, मैत्रिणी सगळ्या लग्न होऊन गेल्या," असं ती लिहिते, आणि म्हणून येत्या एप्रिलपासून सहा महिने बालीला राहून तिथून काम करायचं तिने जवळजवळ ठरवलंय. एक मित्र म्हणतो टुरिस्ट व्हिसावर जा, व्हीपीएन (इंटरनेटवर आपण कुठे आहोत ते लपवणारं ॲप) लाव, ऑफिसला कळणारही नाही. आई म्हणते स्थळं बघायच्या वयात हे काय नवीन. तिचे प्रश्न तीन: ऑफिसला न सांगता गेलं तर खरंच काही होतं का, पैशाचं जमेल का, आणि आईला समजवायचं कसं.

अगं, आधी एक सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना धाकधूक राहणार नाही, मी तुला जाऊ नको म्हणणार नाहीये. तीन वर्षं एकाच खोलीत दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत हेडफोन लावून बसणाऱ्या कोणालाही कुठेतरी निघून जावंसं वाटेल, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तुझ्या पत्रात काही गोष्टी तू धरूनच चालली आहेस आणि त्यातली पहिलीच मला नीट उलटून पालटून बघायची आहे, कारण बाकीचा सगळा प्लॅन तिच्यावर उभा आहे. ऑफिसला सांगायचं नाही, ही ती गोष्ट.

तुझा मित्र म्हणतो कळणार नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर लॉगिन कुठून झालं, कोणत्या नेटवर्कवरून झालं हे आयटी टीमला दिसतं, आणि त्या लॅपटॉपवर स्वतःचं व्हीपीएन टाकणं हाच बऱ्याच कंपन्यांमध्ये नियमभंग धरतात, म्हणजे लपवायला म्हणून जे करशील तेच आधी पकडलं जाईल. पण समज नाही पकडलं. तरी बघ, तुझ्या क्लायंटशी कंपनीचा जो करार आहे त्यात डेटा कोणत्या देशातून उघडायचा हे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, आणि दुसऱ्या देशात बसून माणूस महिनोन्महिने काम करत असला तर तिथलं सरकार कंपनीकडे टॅक्सची विचारणा करू शकतं, कंपन्या याला भितात ते उगाच नाही. लॅपटॉप बंद पडला तर? तो पुण्याला कुरियर कुठून करशील? आणि सहा महिने रोजच्या कॉलवर "हो नागपुरातच आहे, इथे ना खूप ऊन आहे" असं म्हणत राहायचं. तू मोकळं व्हायला निघाली आहेस ना, मग हे असं राहणं मोकळं कसं होईल?

आणि याहून मोठा मुद्दा तुझ्या मित्राच्या लक्षात आलेला दिसत नाही. जे देश बाहेरच्या नोकरीवर असलेल्या लोकांना कायदेशीर राहू देतात ते अर्जातच तुझी नोकरी कुठे आहे, पगार किती आहे याचा पुरावा मागतात, म्हणजे फिरून फिरून कंपनीचं पत्र लागतंच. लपून जायचं असेल तर चुकीच्या व्हिसावर जावं लागेल आणि बरोबर व्हिसावर जायचं तर लपता येणार नाही. दोन्ही एकत्र होऊच शकत नाही.

आता बालीचंच बघू. आपल्याला तिथे उतरल्यावर जो व्हिसा मिळतो तो ३० दिवसांचा, एकदा आणखी ३० दिवस वाढवता येतो, आणि तो फिरायला आहे, नोकरी करायला नाही. सहा महिने काढायचे तर दर दोन महिन्यांनी देशाबाहेर जाऊन परत यायचं, दर वेळी तिकीट, दर वेळी इमिग्रेशनच्या काउंटरवर पोटात गोळा. बाहेरून काम करणाऱ्यांसाठी इंडोनेशियाचा वेगळा व्हिसा आहे, ई३३जी म्हणतात त्याला, एका वर्षाचा. पण त्याला वर्षाला ६०,००० डॉलरचं उत्पन्न दाखवावं लागतं, म्हणजे ५० लाखांच्या वर. तुझं पॅकेज १९ लाख. त्यामुळे बाली तुझ्यासाठी आत्ता तरी सुट्टीची जागा आहे, दोन आठवडे रजा टाकून, लॅपटॉप घरी ठेवून जा, मनसोक्त राहा.

मग तुला काय जमतं? थायलंडने जुलै २०२४ मध्ये डीटीव्ही नावाचा व्हिसा काढला, पाच वर्षांचा आहे, एका वेळी १८० दिवस राहता येतं, ऐकायला फारच भारी. पण बँकेत ५ लाख बाहत दाखवावे लागतात, आपले साधारण १३-१४ लाख, तुझ्याकडे साडेचार आहेत. मलेशियाचा डी रान्ताऊ पास आयटीवाल्यांना वर्षाला २४,००० डॉलर उत्पन्नावर मिळतो, ते २० लाखांच्या वर जातं, म्हणजे तू थोडक्यात हुकतेस, एखादी पगारवाढ झाली तर बसशील. आणि मॉरिशसचा प्रीमियम व्हिसा २०२० पासून आहे, एक वर्षाचा, फी नाही, महिन्याला १,५०० डॉलर उत्पन्न दाखवायचं, सव्वा लाखाच्या थोडं वर होतं ते. तुझा पगार यात काठावर का होईना पण बसतो. हे आकडे बदलत असतात बरं का, अर्ज करायच्या आठवड्यात त्या त्या देशाच्या सरकारी साइटवर बघायचं, यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओवर जायचं नाही.

मला स्वतःला तुझ्यासाठी मॉरिशस जास्त पटतं, आणि त्याचं कारण फक्त व्हिसा नाही. तुझ्या शिफ्टकडे बघ. बाली आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे तुझी दुपारी २ ते रात्री ११ तिथे होते साडेचार ते रात्री दीड. तिकडे सूर्य वर्षभर सहा-साडेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे ज्या संध्याकाळचे फोटो बघून तू ठरवलंस त्या संध्याकाळी तू सोमवार ते शुक्रवार कॉलवर असशील, आणि बाकीचे लोक जेवायला, भेटायला बाहेर पडतील तेव्हाही तू कॉलवरच. दीडला काम संपलं, झोप लागेपर्यंत तीन. थायलंडमध्ये साडेतीन ते साडेबारा. मॉरिशस मात्र आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, तिथे तीच शिफ्ट साडेबारा ते साडेनऊ होते. रात्री वेळेवर झोप, सकाळी सहाला उठून समुद्रावर, साडेबारापर्यंत दिवस तुझा. शिवाय ते दक्षिण गोलार्धात, आपल्याकडे मे-जूनमध्ये जीव नकोसा होतो तेव्हा तिथे थंडीचे दिवस सुरू होतात, मे ते सप्टेंबर हवा कोरडी आणि गार, वादळाचा सीझन नोव्हेंबर ते एप्रिल, एप्रिलऐवजी जूनला गेलीस तर तो टळतो. आणि आईला सांगायला एक गोष्ट, तिथे कोकणातून गेलेल्या मराठी लोकांच्या पिढ्या आहेत, शाळेत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. कमी काय आहे तेही सांगते: थायलंड-बालीपेक्षा महाग पडतं, संध्याकाळनंतर बस फारशा मिळत नाहीत, आणि नागपूरहून आधी मुंबईसारखं मोठं शहर गाठूनच जावं लागतं.

इथे मला तुझ्या दुसऱ्या एका समजुतीबद्दल बोलायचंय, जरा नाजूक आहे. तू लिहितेस इथे आयुष्यच नाही. पण तुझी शिफ्ट दुपारी दोनला सुरू होते गं, म्हणजे नागपुरातही सकाळ तुझीच आहे. त्या सकाळी तू काय करून राहिली आहेस? रात्री दोन-तीनपर्यंत मोबाइल, मग दहाला उठणं, असं असेल (पत्रावरून मला तसं वाटलं, चुकत असेन तर सांग) तर तीच सवय तुझ्यासोबत विमानात बसेल. मैत्रिणी लग्न होऊन गेल्या, बोलायला कोणी नाही, हे जे एकटेपण आहे ते खरं आहे आणि मला ते वाचून वाईट वाटलं, पण अनोळखी देशात पहिले चार-सहा आठवडे एकटेपण वाढतं, कमी होत नाही, हे तिकडे राहिलेल्या बहुतेक लोकांचं सांगणं आहे. म्हणून जायच्या आधीचे दोन महिने इथेच सकाळी सातला घराबाहेर पड, सेमिनरी हिल्सला चालायला जा, आठवड्यातून दोन दिवस एखाद्या कोवर्किंगमध्ये, म्हणजे भाड्याने टेबल मिळतं अशा ऑफिसात, बसून काम कर. याने नागपूर आवडायला लागेल असं माझं म्हणणं नाही. तुला काय हवंय, माणसं की जागा, एवढं तरी कळेल.

आणि सहा महिने हा आकडा कुठून आला? पत्रात तू कारण लिहिलं नाहीस. मी तीन महिने म्हणेन, कारण ऑफिस तीन महिन्यांना हो म्हणायची शक्यता बरीच जास्त, आणि टॅक्सचंही सोपं राहतं, बहुतेक देशांत १८०-१८३ दिवसांपुढे राहिलं की तू तिथली टॅक्स भरणारी रहिवासी धरली जातेस. तीन महिन्यांत भारतातला तुझा हिशोब फारसा बदलत नाही, पगारातून इथे टीडीएस कापला जातो तसाच कापला जाईल, तरी एकदा सीएला विचारून घे. त्याआधी एक महिना केरळात, वर्कला या गावी नाहीतर फोर्ट कोचीला जाऊन आपली हीच शिफ्ट कर. तिथे व्हिसा नाही, रोमिंग नाही, आणि दमट हवेत, अनोळखी खोलीत, एकटीने जेवण बघून काम होतं का ते समजतं.

दमट हवेवरून आठवलं. आपल्याला वाटतं नागपूरच्या ४५ डिग्रीत राहिलेल्या माणसाला उष्ण देशाचं काय कौतुक, पण ती उष्णता वेगळी. आपला कूलर चालतो तो हवा कोरडी असते म्हणून, पाणी उडून जाताना हवा गार करतं. जिथे हवेतच पाणी भरलेलं आहे तिथे कूलर नुसता चिकचिकाट करतो. मग एसी लागतो, आणि भाड्याच्या जाहिरातीत विजेचं बिल बहुतेक वेळा धरलेलं नसतं, थायलंडमध्ये तर घरमालक युनिटचा दर स्वतःचा लावतात. विचारून घ्यायचं. कपाटातल्या चामड्याच्या पर्सला, बुटांना बुरशी येते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणजे नेमका तू टेबलाशी बसलेली असताना पायाला, तर लांब पायजमा आणि मलम जवळ असू दे.

खोलीबद्दल. फोटोत पलंग असतो, पडदा असतो, पूल असतो, खुर्ची नसते. तुला नऊ तास बसायचं आहे. मालकाला सांग टेबल-खुर्चीचा व्हिडिओ पाठव, आणि त्याच टेबलावर फोन ठेवून रात्री नऊच्या सुमारास इंटरनेटचा स्पीड मोजून स्क्रीनशॉट पाठव, जो मालक टाळाटाळ करेल तिथे जायचंच नाही. पहिलं बुकिंग एका आठवड्याचं, बाकीचं तिथे जाऊन बघून. लॅपटॉपच्या चार्जरचे ते तीन गोल जाड पाय मॉरिशसच्या, मलेशियाच्या सॉकेटमध्ये जात नाहीत, तिथे चौकोनी तीन पायांचं असतं, दोन अडॅप्टर इथूनच घेऊन जा. थायलंडला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, चियांग माईला फेब्रुवारी ते एप्रिल शेतं-जंगलं जाळल्याचा धूर असतो, दम्याच्या माणसाने तेव्हा जाऊ नये. आणि ज्यांना पुढेमागे बालीचा व्हिसा मिळेल त्यांनी मार्चच्या आसपास येणारा न्येपीचा (बालीतल्या हिंदूंचा मौन पाळण्याचा) दिवस बघून क्लायंटला आधीच कळवावं, त्या २४ तासांत विमानतळ बंद, रस्त्यावर जायला मनाई, मोबाइल इंटरनेटही बंद.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते ओटीपीत. तुझं बँक, आधार, ऑफिसचं लॉगिन, सगळं एका भारतीय सिमवर आहे. ते सिम तिथे हरवलं किंवा रिचार्ज संपून बंद पडलं तर डुप्लिकेट काढायला इथेच यावं लागतं. म्हणून जायच्या आधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घे (एसएमएस येणं बहुतेक प्लॅनमध्ये फुकट असतं, मोबाइल डेटा मात्र बंद ठेव), वैधता परतीच्या तारखेच्या दोन महिने पुढपर्यंतची, इंटरनेटसाठी तिथलं ईसिम (फोनमध्येच डाउनलोड होणारं सिम) वेगळं. दोन वेगळ्या बँकांची कार्डं घे, एक पाकिटात, एक बॅगेत.

विम्यात कंजूषी करू नको. इथली मेडिक्लेम साधारणपणे भारतातच चालते, ऑफिसची कुठे चालते ते एचआरला विचार. ट्रॅव्हल पॉलिसी पूर्ण मुक्कामाची घे, आणि स्कूटरचं कलम वाच, लायसन्सवर दुचाकी नसेल किंवा आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर अपघातात कंपनी हात वर करते. तो परवाना आपल्या आरटीओतून मिळतो, वर्षभर चालतो. रोजची औषधं असतील तर डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी सोबत, झोपेच्या आणि जोरदार वेदनाशामक गोळ्यांवर बऱ्याच देशांत कडक नियम आहेत.

पैशाचं माझं मत सरळ आहे. महिन्याचा खर्च पगारातच भागला पाहिजे, साडेचार लाखांतून तिकिटं, विमा, डिपॉझिट जाईल, पण त्यातल्या दीड लाखाला हात लावायचा नाही. रात्री बाराला फोन आला तर सकाळचं महागातलं तिकीट काढून घरी येता यावं म्हणून ते पैसे.

आणि हा फोन कोणाचा, हे तुला माहीत आहे, आईलाही माहीत आहे. म्हणून मला वाटते आई स्थळांचं जे बोलते ते वरवरचं आहे. तीन वर्षं तू घरात आहेस, बाबांना काही झालं तर गाडी काढणारी तूच आहेस, तू गेलीस की ती एकटी पडते, आणि मुलीला "मला भीती वाटते" असं सरळ म्हणणं त्या पिढीला जमत नाही. तू तिला मॉरिशसचे फोटो दाखवून समजवू नकोस. तिच्यासोबत बसून बाबांची फाईल लाव: कार्डिओलॉजिस्टचा नंबर, औषधांची यादी, मेडिक्लेमचं कार्ड, कोणत्या हॉस्पिटलला न्यायचं, शेजारचं कोण रात्री उठून येईल. मग भावाला फोन कर आणि स्पष्ट सांग की हे तीन महिने पहिला फोन त्याला जाईल, त्यातला एक आठवडा त्याने नागपुरातून काम करावं. आजवर हे सगळं तुझ्या एकटीवर होतं, आणि पत्रात त्याबद्दल तू एक शब्दही लिहिलेला नाहीस. लग्नाचं विचारलं तर खरं काय ते सांग, तुला करायचंय की नाही, कधी. तीन महिन्यांनी कुठलं चांगलं स्थळ हातचं जात नाही.

ऑफिसला मेल टाकायच्या आधी मॅनेजरशी तोंडी बोल. एकाच वाक्यात सांग की जून ते ऑगस्ट मॉरिशसहून काम करायची इच्छा आहे, शिफ्ट तीच राहील, व्हिसा कायदेशीर आहे, त्याला कंपनीचं पत्र लागेल. मग विचार की क्लायंटची हरकत आहे का, टॅक्स टीमचं काय म्हणणं, लॅपटॉप नेता येतो का. त्यांना हो-नाही करायला तीन-चार आठवडे दे. नाही म्हणाले तर चिडून राजीनामा टाकू नको, महिनाभर बिनपगारी रजा मिळते का ते विचार, आणि ज्या कंपन्या बाहेरून काम करू देतात तिथे शांतपणे अर्ज करायला लाग, तुझ्या अनुभवाला नोकरी मिळेल. बोलणं झालं की मला लिही, नाही म्हणाले असतील तर नक्की लिही. आणि पासपोर्ट आजच काढून बघ, परतीच्या तारखेपुढे निदान सहा महिन्यांची मुदत हवी, कमी असेल तर या आठवड्यातच रिन्यूची अपॉइंटमेंट घे.